विश्लेषण : माहिती बरोबर, तरी अर्ज ‘इनव्हॅलिड’ का म्हणतो?

माझ्या मावशीच्या घराचा पत्ता ‘गट नं. ११२/३’ असा सुरू होतो. सातबाऱ्यावर तोच, वीजबिलावर तोच. गेल्या पावसाळ्यात तिच्यासाठी एक ऑनलाइन अर्ज भरत होते. पत्ता टाकून ‘सबमिट’ दाबले की लाल अक्षरे यायची : ‘प्लीज एंटर अ व्हॅलिड ॲड्रेस’. तीनदा शब्द न् शब्द तपासला, चूक सापडेना. मग एकेक चिन्ह काढत गेले. ‘मु. पो.’मधली टिंबे काढली, स्वल्पविराम काढला, शेवटी गटक्रमांकातली तिरकी रेघ काढली आणि अर्ज सरकन पुढे गेला. आता त्या अर्जात मावशी गट नंबर ११२३ मध्ये राहते. त्या गावात इतके गटच नाहीत. पुढे त्या पत्त्यावर आलेले पत्र तिला मिळाले, कारण पोस्टमन तिला नावाने ओळखतो.

खरा पत्ता नाकारायचा आणि खोटा स्वीकारायचा, हा निर्णय कुठल्या अधिकाऱ्याने घेतला नव्हता. तो कुणीतरी लिहिलेल्या एका ओळीत होता : ‘या चौकटीत फक्त अक्षरे, अंक आणि मोकळी जागा चालेल’. इंजिनीअरिंग झाल्यावर पहिल्या नोकरीत मीही अशी ओळ लिहिली आहे, त्यामुळे ती कशी लिहिली जाते हे मला ठाऊक आहे. शुक्रवार संध्याकाळ असते, जुन्या प्रकल्पातला एक नियम उचलायचा, चार नमुने टाकून बघायचे, चालला की पुढचे काम घ्यायचे. चार नमुन्यांत गटक्रमांक नसतो.

फॉर्म तपासतो म्हणजे नेमके काय करतो?

वेबवरच्या अर्जाची तपासणी दोन थरांत होते. पहिला थर ब्राउझरच पुरवतो. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये ही सोय आली. ही चौकट रिकामी ठेवता येणार नाही, इथे ईमेलच हवा, हा आकडा १८ पेक्षा कमी नको, एवढे नुसते लिहून ठेवले की ब्राउझर स्वतः अडवतो. आणखी नेमके सांगायचे तर ‘पॅटर्न’ देता येतो, म्हणजे कोणत्या जागी कोणते अक्षर चालेल याचा साचा. या साच्याच्या भाषेला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात.

पण पॅन म्हणजे काय, सातबारा म्हणजे काय, परतीची तारीख जाण्याच्या तारखेनंतरच असली पाहिजे, हे ब्राउझरला कुठून कळणार? तिथे दुसरा थर लागतो. त्याला ‘कस्टम व्हॅलिडेशन’ म्हणतात. डेव्हलपर स्वतःचा नियम लिहितो आणि तो मोडला तर दाखवायचा संदेशही स्वतःच लिहितो. ब्राउझरमध्ये यासाठी ‘सेट कस्टम व्हॅलिडिटी’ नावाची एक आज्ञा आहे. तिला संदेश दिला की ती चौकट सदोष ठरते आणि अर्ज अडतो. दोष मिटवायचा तर त्याच आज्ञेला रिकामा संदेश द्यावा लागतो. नेमके हेच नवखे लोक विसरतात. तुम्ही चूक दुरुस्त करता, तरी लाल रेघ जात नाही, पान पुन्हा उघडून सगळे पहिल्यापासून भरावे लागते. असा अनुभव आला असेल तर बऱ्याचदा कुणीतरी तो संदेश पुसायला विसरलेले असते.

संदेशाच्या भाषेचेही तसेच. ब्राउझरचा स्वतःचा संदेश ब्राउझरच्या भाषेत येतो, म्हणून मोबाइल मराठीत ठेवला असेल तर मराठीत दिसू शकतो. कस्टम संदेश मात्र डेव्हलपरने ज्या भाषेत लिहिला त्याच भाषेत राहतो. मराठी पानावर मध्येच ‘इनव्हॅलिड इनपुट’ उगवते ते त्यामुळे.

क्रमांकातच दडलेली परीक्षा

चांगली कस्टम तपासणी काय करू शकते, हे आपल्या पाकिटातल्या कार्डांवरून कळते.

पॅनमध्ये आधी पाच अक्षरे, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. त्यातले चौथे अक्षर खातेदार कोण ते सांगते. व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी ‘एच’. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. म्हणजे ‘व्यक्ती’ हा पर्याय निवडून कुणी कंपनीचा पॅन टाकला तर सर्व्हरकडे न विचारताही चूक पकडता येते. बँकेच्या आयएफएससीमध्ये ११ जागा असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य, उरलेल्या सहा शाखेच्या. या पाचव्या जागेवर शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाइप करणारे असंख्य आहेत. शहाणा फॉर्म इथे ओरडत नाही, गुपचूप ‘ओ’चा शून्य करून घेतो. जीएसटी क्रमांक १५ जागांचा. सुरुवातीला राज्याचा क्रमांक, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, आणि त्यापुढच्या दहा जागांवर चक्क पॅन. एकाच अर्जात दोन्ही मागितले असतील तर ते एकमेकांशी जुळतात का, हे लगेच पाहता येते.

पिनकोडचा नियम सगळ्यात सोपा : सहा अंक, पहिला शून्य नको. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे कोकणातले, संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक ४ म्हणजे आपला पश्चिमेचा विभाग. ९ मात्र कुठल्याच राज्याचा नाही, तो लष्करी टपालाचा. हे माहीत नसलेला एखादा डेव्हलपर ‘१ ते ८’ असा साचा लिहितो आणि सीमेवरच्या जवानाचा पत्ता बाद होतो.

खरी गंमत शेवटच्या अंकात आहे. क्रेडिट-डेबिट कार्डांचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. तिचे पेटंट त्यांनी १९५४ मध्ये मागितले आणि १९६० मध्ये ते मिळाले. उजवीकडून एक आड एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी झाली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यायची, मग सगळे मिळवायचे. उत्तराला दहाने पूर्ण भाग गेला तर क्रमांक ठीक. १२३४५६७४ हा क्रमांक घ्या, बेरीज ३० येते. टाइप करताना ३ आणि ४ ची अदलाबदल होऊन १२४३५६७४ झाले, तर बेरीज ३१. चूक सापडली. कागद-पेन घेऊन करून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे.

लून यांच्या रीतीला एक भोक आहे. शेजारशेजारचे ०९ चुकून ९० झाले तर तिला पत्ता लागत नाही, कारण ९ ची दुप्पट १८ आणि १ अधिक ८ पुन्हा ९. आधारच्या १२ अंकी क्रमांकासाठी म्हणून अधिक कडक रीत वापरली आहे, डच गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले, तर ती प्रत्येक वेळी पकडते. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण होणारा क्रमांक कुणाला दिलेला असेलच असे नाही. क्रमांकाचा आकार बरोबर आहे, एवढेच ती सांगते. तो खरा आहे का आणि तुमचाच आहे का, हे ‘व्हेरिफिकेशन’चे काम, ते मूळ नोंदीशी ताडूनच होते. बातम्यांमध्येही आपण या दोन्हींना सर्रास ‘पडताळणी’ म्हणतो आणि घोळ होतो.

नावाला साचा कुठला लावणार?

क्रमांक माणसाने बनवलेला असतो, त्याचे नियम लेखी असतात. नावाचे तसे नाही. फॉर्मची सगळी अडचण इथे सुरू होते.

वसईतली किंवा गोव्यातली डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा ही आडनावे घ्या. इंग्रजीत लिहिताना अनेक घरांत ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. नावाच्या चौकटीत फक्त इंग्रजी अक्षरे चालतील असा नियम असला की ते आडनाव बाद. मग माणूस वाट काढतो. एका ठिकाणी अपॉस्ट्रॉफी गाळून सलग लिहितो, दुसऱ्या ठिकाणी तिच्या जागी मोकळी जागा सोडतो, तिसरा अर्ज ती स्वीकारतो म्हणून तिथे जसेच्या तसे लिहितो. काही वर्षांनी तीन कागदांवर तीन आडनावे होतात आणि चौथी यंत्रणा म्हणते, ‘नाव जुळत नाही, प्रतिज्ञापत्र आणा’. एका फॉर्मने भाग पाडलेली चूक दुसरा फॉर्म माणसाच्या माथी मारतो. त्यात मोबाइलचे काही कीबोर्ड सरळ अपॉस्ट्रॉफीऐवजी वळणदार अपॉस्ट्रॉफी घालतात. दिसायला फरक नाही, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे.

ही चिन्हे नाकारण्यामागे भीती असते ती हल्लेखोरांची. डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत अपॉस्ट्रॉफीला विशेष अर्थ आहे, तिचा वापर करून चौकटीतूनच डेटाबेसला भलतीच आज्ञा देता येते. ‘एसक्यूएल इंजेक्शन’ ते हेच. पण त्यावरचा उपाय आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवणे हा आहे, आणि तो कित्येक वर्षांपासून प्रत्येक प्रमुख प्रोग्रॅमिंग भाषेत उपलब्ध आहे. तो न करता चिन्हांवर बंदी घालणे म्हणजे घराला कुलूप न लावता गल्लीत येणाऱ्यांना अडवणे. माझ्या मावशीची तिरकी रेघ बहुधा अशाच बंदीत सापडली.

आडनावच नसलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दक्षिण भारतात एकच नाव असणारे असंख्य लोक आहेत, आपल्याकडेही आडनाव जाणीवपूर्वक सोडलेले आहेत. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात पारपत्रावर पहिले नाव नसेल तर त्या चौकटीत ‘एफएनयू’ लिहायला सांगतात, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. काहींच्या पुढच्या कागदपत्रांवर मग तेच नाव होऊन बसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचे ठरवले, तेव्हा भारतीय प्रवाशांची धावपळ झाली. नंतर पारपत्राच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल, अशी सवलत द्यावी लागली.

महाराष्ट्रात तर नावाचा साचा सरकारनेच बदलला आहे. मार्च २०२४ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशी नोंद होते. ‘फर्स्ट, मिडल, लास्ट’ अशा तीन चौकटींत हे चौघे बसवायचे कसे? मधल्या चौकटीत आई आणि वडील दोघांची नावे टाकली तर मध्ये मोकळी जागा येते, आणि मधल्या नावात मोकळी जागा न चालणारे फॉर्म आजही भेटतात. ही मुले आता शाळेच्या उंबरठ्याकडे येऊ लागतील.

मराठीत लिहिले तर?

इथे तर नियम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा. सर्वसाधारण साच्यात ‘ए ते झेड’ एवढीच अक्षरे मोजतात, त्यात देवनागरी नाही. थोडा जाणता डेव्हलपर ‘कोणत्याही लिपीतले अक्षर चालेल’ असा नियम लिहितो. तोही ‘कुलकर्णी’ला अडवतो! युनिकोडच्या हिशेबात ‘कुलकर्णी’त आठ चिन्हे आहेत. त्यातली पाचच ‘अक्षर’ या वर्गात येतात. उकार, हलन्त आणि वेलांटी ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत, त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. लांबीचेही तेच. ‘श्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, फॉर्मला चार. वीस अक्षरांची मर्यादा इंग्रजी नावाला पुरते, मराठी नाव मध्येच तुटते.

गोऱ्हे, वऱ्हाडे या आडनावांतला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. कीबोर्डनुसार एक किंवा दुसरी पद्धत वापरली जाते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोध घेतला तर एकाला दुसरे सापडत नाही. मतदार यादीत, निकालात किंवा लाभार्थींच्या यादीत नाव डोळ्यांना दिसते आणि सर्चला सापडत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

अंकांबाबत तर संगणकाच्या भाषांमध्येच एकमत नाही. पायथनला मराठी ‘१२’ दिले तर ती त्याचा बिनतक्रार बारा करते. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट म्हणते, ही संख्याच नाही. मराठी कीबोर्डवरून मोबाइल क्रमांक टाकणाऱ्याला ‘इनव्हॅलिड नंबर’ दिसतो, आणि आपले काय चुकले ते त्याला कधीच कळत नाही, कारण त्याच्या समोर त्याचाच क्रमांक असतो. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घेणे हे दोन-तीन ओळींचे काम आहे.

ईमेलचे घोंगडे तर भिजतच पडले आहे. ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता २०१४ पासून उपलब्ध आहे, ईमेलचे तांत्रिक नियमही त्याआधीच, २०१२ मध्ये, इतर लिपींसाठी खुले झाले. तरीही ब्राउझरची ईमेलची अंगभूत तपासणी ‘ॲट’च्या आधी देवनागरी अक्षर आले की नकार देते. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणारी ‘आयकॅन’ यासाठी २०२३ पासून ‘युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स डे’ पाळते आहे.

ब्राउझरने तपासले, मग सर्व्हरने पुन्हा कशाला?

कारण ब्राउझर तुमच्या हातात आहे. त्यातली तपासणी कुणालाही बंद करता येते, ब्राउझर न वापरता थेट सर्व्हरला माहिती पाठवता येते. ब्राउझरमधली तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीसाठी, चूक लगेच दिसावी म्हणून. सुरक्षेसाठीची तपासणी सर्व्हरवरच व्हावी लागते. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळाने वस्तूंची संख्या उणे एक नसावी हे फक्त ब्राउझरमध्ये पाहिले, तर काय होईल याची कल्पना वाचक करू शकतात.

अडवायचे की नुसते विचारायचे?

नियम मोडला की दार बंद करायचे, की ‘नक्की ना?’ एवढे विचारून पुढे जाऊ द्यायचे? हा प्रश्न किती महाग पडू शकतो याची दोन उदाहरणे शेअर बाजारातली आहेत.

८ डिसेंबर २००५ रोजी जपानमधील मिझुहो सिक्युरिटीजच्या एका कर्मचाऱ्याला जे-कॉम या नव्याने नोंद झालेल्या कंपनीचा एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता. चौकटींची अदलाबदल झाली आणि ६ लाख १० हजार शेअर प्रत्येकी एक येनला विकायची ऑर्डर गेली. कंपनीचे एकूण शेअर होते साधारण साडेचौदा हजार. पडद्यावर सूचना आली होती, ती ओलांडली गेली. ऑर्डर रद्द करण्याचे प्रयत्न टोकियो शेअर बाजाराच्या प्रणालीतील दोषामुळे फसले. तोटा सुमारे ४० अब्ज येन. कंपनीच्या एकूण शेअरपेक्षा जास्त शेअर विकता येत नाहीत, एवढा एक नियम पुरला असता.

सुमारे साडेसोळा वर्षांनी, २ मे २०२२ रोजी, सिटीच्या लंडनमधील ट्रेडरला ५ कोटी ८० लाख डॉलरचे शेअर विकायचे होते. त्याने हा आकडा रकमेच्या चौकटीऐवजी संख्येच्या चौकटीत टाकला आणि ऑर्डर झाली ४४४ अब्ज डॉलरची. काही भाग यंत्रणेने अडवला, १८९ अब्जांचा पुढे गेला, आणि ऑर्डर थांबवेपर्यंत १.४ अब्ज डॉलरचे शेअर युरोपच्या बाजारांत विकले गेले होते. पडद्यावर त्या वेळी ७११ इशारे एकाच खिडकीत आले होते. सगळे वाचल्याशिवाय ती खिडकी बंद होऊ नये अशी सोय नव्हती. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी ६ कोटी १६ लाख पौंडांचा दंड केला. एवढी मोठी ऑर्डर सरसकट नाकारणारा नियम त्या यंत्रणेत नव्हता, हे नियामकांनी नोंदवले.

म्हणजे अशक्य ते अडवावे, असंभाव्य असेल तर विचारावे, आणि विचारायचे ते एकदाच, स्पष्ट शब्दांत. आपल्याकडच्या फॉर्मांत अनेकदा उलटे दिसते. पत्त्यातल्या तिरक्या रेघेला ठाम नकार, आणि जन्मतारीख ३१ फेब्रुवारी टाकली तर चालून जाते. जावास्क्रिप्टला ३१ फेब्रुवारी २०२३ ही तारीख आकड्यांत दिली तर ती तक्रार करत नाही, गुपचूप ३ मार्च करून टाकते.

डोळे मिचकावा

तपासणी आता टाइप केलेल्या अक्षरांपुरती राहिलेली नाही. बँक खात्याच्या ई-केवायसीत समोर जिवंत माणूस आहे हे पाहण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या किंवा डोळे गमावलेल्या व्यक्तीने ते कसे करायचे? अशा पीडितांच्या आणि एका दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगत न्यायालयाने २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय असावेत, हा त्यांपैकी एक. एका ‘व्हॅलिडेशन’च्या नियमाने गाठलेले हे देशातील सर्वोच्च दार.

अर्ज अडला तर काय करून पाहावे?

पॅन किंवा आयएफएससी व्हॉट्सॲपवरून अथवा पीडीएफमधून चिकटवला असेल तर तो पुसून हाताने टाइप करा. कॉपी करताना मागेपुढे न दिसणारी चिन्हे सोबत येतात. कीबोर्ड इंग्रजीत करून अंक पुन्हा टाका. ऑटोफिलने भरलेल्या चौकटी एकदा स्वतः तपासा. लाल संदेश दुरुस्तीनंतरही जात नसेल तर भरलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन पान पुन्हा उघडा. चिन्ह काढल्याशिवाय अर्ज पुढे जातच नसेल तर त्या जागी मोकळी जागा किंवा चालत असेल तर आडवी रेघ द्या. चिन्ह नुसते गाळले की ११२/३ चे ११२३ होते. आणि संदेशासह, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे ‘नाव जुळत नाही’ असे पत्र आले तर खिडकीवर दाखवायला तेवढाच पुरावा हाती असतो.